‘लावायला विसरलो’ आणि ‘लावल्याचं विसरलो’



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने इंग्रजी व्याकरणात नाक का खुपसावं? प्रश्न रास्त आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या आधी ‘टु’ लावून होणारं रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह, आणि शेवटी ‘इंग’ लावून नामासारखं वापरायचं रूप, म्हणजे जेरंड, यांतलं कुठे कोणतं वापरायचं, हा शाळेतल्या रिकाम्या जागा भरण्याचा प्रश्न. त्यात तत्त्वज्ञान कुठून आलं? आमच्यापुरतं सांगायचं तर ते एका कपाटातून आलं. ते कपाट पुढे येईलच. आधी शाळेकडे जाऊ.

एक सोय करून घेऊ. इन्फिनिटिव्हला आज आपण ‘टु-रूप’ म्हणू आणि जेरंडला ‘इंग-रूप’. नावं गावठी आहेत, पण त्यांनी कुणी दचकत नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी इंग्रजी पुस्तकातून शिकलं, त्यांतल्या जुन्या मंडळींना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवेल आणि त्यानंतरच्या बहुतेकांना रेन आणि मार्टिन. यांतले पी. सी. रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते. पुढे त्यांनी ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली, 1924 साली. जगात ते त्या कादंबरीमुळे ओळखले जातात आणि आपल्याकडे व्याकरणामुळे. असो. या व्याकरणात असं सांगितलेलं आहे की दोन्ही रूपांना नामाचंही बळ आहे आणि क्रियापदाचंही, म्हणून पुष्कळ वाक्यांत अर्थात विशेष फरक न पडता कोणतंही चालतं. यात खोटं काही नाही. ‘टु सी इज टु बिलीव्ह’ म्हणा किंवा ‘सीइंग इज बिलीव्हिंग’ म्हणा, जगबुडी होत नाही. पण विद्यार्थी हे वाक्य वाचतो आणि त्यातला ‘पुष्कळ’ हा शब्द विसरतो. जिथे फरक पडतो तिथे तो का पडतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

मग येतात याद्या. रेन-मार्टिननंतरच्या मार्गदर्शकांत, शिकवणीच्या चिठ्ठ्यांत, आता मोबाइलवरच्या धड्यांत सगळीकडे याद्याच. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, डिनाय, सजेस्ट’ यांच्यामागे इंग-रूप. ‘वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस’ यांच्यामागे टु-रूप. आणि तिसरी यादी ‘दोन्ही चालतात’. त्या तिसऱ्या यादीखाली बारीक टाइपात एक ओळ असते, की यांतल्या काहींचा अर्थ बदलतो. आमची तक्रार या तिसऱ्या यादीबद्दल आहे. पहिल्या दोन याद्यांत बोलणाऱ्याला निवड नसते, क्रियापदाने ती आधीच केलेली असते. तिसऱ्या यादीत निवड बोलणाऱ्याची असते, आणि जिथे निवड आहे तिथे अर्थ आहे. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच तक्त्यात, एकाच रंगात छापायच्या आणि पोराला म्हणायचं ‘पाठ कर’. म्हणजे पोर अर्थसुद्धा पाठ करतं, समजून घेत नाही.

आता कपाट. आम्ही एका महाविद्यालयात शिकवत होतो. नाव सांगण्याचं कारण नाही. तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटातून एक सूक्ष्मदर्शक गेला. चौकशीसाठी तिघांची समिती नेमली, त्यात आम्ही. प्रयोगशाळेतले शिपाई, सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यांचा जबाब मराठीत झाला. अहवाल मात्र इंग्रजीत हवा होता. तिघांत इंग्रजीचा रुबाब आमचाच जास्त, म्हणून तर्जुम्याचं काम आमच्याकडे आलं. मामांचं म्हणणं असं होतं: ‘संध्याकाळी कुलूप लावल्याचं मी विसरलोच होतो, म्हणून बसस्टॉपवरनं परत आलो आणि कुलूप ओढून पाहिलं.’

आम्ही लिहिलं, ‘ही हॅड फर्गॉटन टु लॉक द कबर्ड. ही केम बॅक फ्रॉम द बस स्टॉप अँड ट्राइड टु पुल द लॉक.’ सही केली. घरी गेलो. झोपही चांगली लागली.

नियम असा होता की अहवाल संबंधिताला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. कार्यालयातल्या कारकुनाने आमचं इंग्रजी पुन्हा मराठीत आणलं: ‘कपाटाला कुलूप लावायला ते विसरले होते.’ मामा उठून उभे राहिले. म्हणाले, ‘साहेब, मी लावायला विसरलो नव्हतो. लावल्याचं विसरलो होतो.’

सातवी शिकलेला माणूस तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरला सांगत होता आणि बरोबर सांगत होता. त्याच्या तोंडी एक निरपराध वाक्य होतं. आम्ही त्याचा कबुलीजबाब करून ठेवला होता. कुलूप लावलेलं होतं, फक्त लावल्याची आठवण त्या क्षणी मनात नव्हती, म्हणून काळजीने माणूस परत आला. आमच्या इंग्रजीत कुलूप लावलेलंच नव्हतं! अहवाल तिथल्या तिथे दुरुस्त झाला, पण तो वाचून दाखवायचा नियम नसता तर? त्या माणसाची वेतनवाढ आमच्या ‘टु’वर अडकली असती.

यात एक बारीक मुद्दा आहे, तो इंग्रजी शिकवणाऱ्यांनी ऐकावा. पुस्तकी नियमाप्रमाणे दुरुस्ती काय व्हावी? ‘ही हॅड फर्गॉटन लॉकिंग द कबर्ड.’ व्याकरणात बसतं, पण इंग्रज माणूस सहसा असं म्हणणार नाही. ‘फर्गेट’नंतरचं इंग-रूप त्याच्या तोंडी बहुधा नकारात येतं: ‘आय विल नेव्हर फर्गेट मीटिंग हिम’, त्यांची भेट झाली ती मी कधी विसरणार नाही. साध्या विधानात तो म्हणेल ‘ही हॅड फर्गॉटन दॅट ही हॅड लॉक्ड इट’. आम्ही शेवटी तसंच लिहिलं. याद्यांत हे सापडत नाही. तिथे ‘फर्गेट’ दोन्ही खणांत सारख्याच दिमाखात बसलेलं असतं.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मानगुटीवर बसला. आम्ही स्वतःलाच विचारलं, की मराठीत हा फरक आम्ही जन्मभर न चुकता करत आलो, मग इंग्रजीत तो का निसटला? कारण मराठीत आम्हाला तो कुणी शिकवला नव्हता आणि इंग्रजीत चुकीचा शिकवला होता.

मराठीत काय होतं ते बघा. ‘दार लावायला आठवलं’ आणि ‘दार लावल्याचं आठवतं’. ‘लावायला’ म्हटलं की दार लावणं अजून पुढे आहे, तिकडे जायचं आहे. ‘लावल्याचं’ म्हटलं की ते होऊन गेलेलं आहे, आता त्याच्याकडे वळून बघायचं. इंग्रजीत ‘रिमेंबर टु लॉक’ आणि ‘रिमेंबर लॉकिंग’ यांत हेच आहे. ‘रिग्रेट’ घ्या. नोकरीच्या नकाराच्या पत्रात येतं ते ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’, कळवायला वाईट वाटतं, आणि लगेच पुढच्या ओळीत कळवतात. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पस्तावा होतो. पुन्हा ‘कळवायला’ आणि ‘सांगितल्याचा’. मराठी जोडी हातात धरली की इंग्रजी जोडी आपोआप उलगडते.

आणि ‘ट्राय’! आमच्या तर्जुम्यातली दुसरी चूक तिथलीच. ‘ट्राइड टु पुल’ म्हणजे ओढायचा प्रयत्न केला, जोर लावला, बहुधा जमलं नाही. मामांनी तसं काही केलं नव्हतं. त्यांनी कुलूप ‘ओढून पाहिलं’. ओढणं सोपं होतं, ओढल्यावर काय होतं ते त्यांना बघायचं होतं. म्हणजे ‘ट्राइड पुलिंग इट’. इंग्रजी पुस्तकं हा फरक सांगताना बरीच घामाघूम होतात, एकात ‘प्रयत्न’ आणि दुसऱ्यात ‘प्रयोग’ वगैरे. मराठी माणसाला इतकंच सांगा की ‘करायचा प्रयत्न’ असेल तिथे टु-रूप आणि ‘करून पाहणं’ असेल तिथे इंग-रूप. खिडकी गंजलेली असेल तर ‘ट्राय टु ओपन इट’. खोलीत उकडत असेल तर ‘ट्राय ओपनिंग द विंडो’. आमच्या माहितीत ही जोडी कुठल्या मार्गदर्शकात नाही, आणि याचं आम्हाला मनापासून आश्चर्य वाटतं.

याउलट सगळ्या पुस्तकांचं लाडकं उदाहरण म्हणजे ‘स्टॉप’. ‘ही स्टॉप्ड टु स्मोक’, तो ओढायला थांबला. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’, त्याने ओढणं सोडलं. विद्यार्थी हसतात, तास रंगतो. पण नीट पाहिलं तर हे या विषयाचं उदाहरणच नव्हे. पहिल्या वाक्यात ‘टु स्मोक’ हे ‘स्टॉप’चं कर्म नाही. तो चालायचा थांबला आणि कशासाठी थांबला ते पुढे जोडलंय. ‘ही सॅट डाउन टु स्मोक’ मध्ये जसं जोडलंय तसंच. थांबवलेली गोष्ट म्हणून ‘स्टॉप’ला इंग-रूपच लागतं. म्हणजे तो पहिल्या यादीतला गडी आहे आणि त्याला तिसऱ्या यादीचा नवरदेव करून घोड्यावर बसवलाय. उदाहरण चटकदार असलं की तपासायचं राहून जातं, हे तत्त्वज्ञानातही फार होतं.

आता इथवर ऐकून कुणी म्हणेल, वा, मग नियम सापडला. टु-रूप पुढचं, इंग-रूप मागचं. काळाचा हिशेब. हा नियम बऱ्याच जणांनी सांगितलाय आणि संस्कृतात तर त्याचा मोठा आधार मिळतो. पाणिनीने ‘तुमुन्’ प्रत्यय, म्हणजे ‘कर्तुम्’, ‘गन्तुम्’ मधला, तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगितला तो एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी असते तेव्हा, आणि तोही भविष्यकाळाच्या प्रकरणात. इंग्रजीचा इतिहासही तेच बोलतो. जुन्या इंग्रजीत हे ‘टु’ म्हणजे ‘-कडे’ सांगणारं साधं शब्दयोगी होतं, आणि त्याच्यामागे क्रियावाचक रूप चतुर्थीत येई. आपल्या ‘करायला’ मधला ‘ला’ कोणता? जुनं रूप ‘करावयास’ आठवा. चतुर्थीचाच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केली: पुढच्या क्रियेकडे बोट दाखवायचं असेल तर ‘-कडे’चा प्रत्यय वापरा. इंग-रूप मात्र मुळात नाम. जुन्या इंग्रजीत ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ असं, आपल्या ‘शिकवण’, ‘वागणूक’ यांच्या जातीचं. त्याला क्रियापदाची सवय, म्हणजे सरळ कर्म घेण्याची सवय, मध्ययुगीन इंग्रजीत लागली.

पण काळाचा हिशेब पुरत नाही. ‘अव्हॉइड गोइंग’ मध्ये जाणं झालेलंच नाही, आणि टाळलं तर होणारही नाही. ‘पोस्टपोन गोइंग’ मध्ये ते पुढेच ढकललंय. ‘सजेस्ट गोइंग’ मध्ये तर नुसता प्रस्ताव. तिन्ही ठिकाणी क्रिया भविष्यात आणि तिन्ही ठिकाणी इंग-रूप. उलट ‘ही मॅनेज्ड टु गो’ मध्ये तो जाऊन आलाय आणि तरी टु-रूप. लॉरी कार्टुनेन या फिनिश विद्वानाने 1971 साली अशाच क्रियापदांवर लिहिलं: ‘मॅनेज’, ‘रिमेंबर’ यांच्यामागे टु-रूप आलं आणि वाक्य होकारी असलं तर ती क्रिया घडल्याचं त्यातच येतं. ‘फर्गेट’, ‘फेल’ असले तर न घडल्याचं येतं. आमचं ‘हॅड फर्गॉटन टु लॉक’ आठवा. त्या वाक्यात ‘कुलूप लावलं नव्हतं’ हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि तरी ते होतं. दुखणं नेमकं तिथे होतं.

काळ नाही, तर मग काय? ड्वाइट बोलिंजर यांनी 1968 मध्ये एका निबंधात सुचवलं, की इंग-रूपात क्रियेची वस्तू होते आणि टु-रूपात ती नुसती शक्यता राहते. आम्हाला हे वाचताना यास्काची आठवण झाली. निरुक्ताच्या अगदी आरंभी यास्क म्हणतो, की आधी-नंतर असे टप्पे असलेली, चाललेली क्रिया आपण क्रियापदाने सांगतो, ‘जातो’, ‘शिजवतो’ अशी. आणि तीच क्रिया सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकत्र धरली, जणू मूर्त झाली, की तिला नाम मिळतं, ‘गमन’, ‘पाक’ या तऱ्हेचं. हा आमचा भावानुवाद आहे, शब्दशः नव्हे. पण बोलिंजर ज्याला वस्तू होणं म्हणतात ते हेच. क्रिया एकदा वस्तू झाली की ती टेबलावर ठेवता येते. तिच्यापासून लांब जाता येतं (अव्हॉइड), ती पुढे सरकवता येते (पोस्टपोन), दुसऱ्यासमोर मांडता येते (सजेस्ट), ती आपली नाहीच म्हणता येतं (डिनाय). टु-रूपातली क्रिया टेबलावर नसते. ती रस्त्याच्या टोकाला असते. तिथे पोचलात तर ‘मॅनेज्ड टु’, नाही पोचलात तर ‘फेल्ड टु’.

सुंदर आहे ना? आम्हालाही पहिली काही वर्षं फार सुंदर वाटलं. मग शंका आली. कुठल्याही क्रियापदाला हा दृष्टांत लावून दाखवता येतो, हेच त्याचं दुबळेपण. ‘होप’ला टु-रूप लागतं आणि ‘लुक फॉरवर्ड टु’ला इंग-रूप, अर्थ जवळजवळ एक. ‘प्लॅन टु गो’, पण ‘कन्सिडर गोइंग’. ‘रिफ्यूज’ला टु-रूप आणि ‘अव्हॉइड’ला इंग-रूप. नाही म्हणण्यात रस्ता आहे आणि टाळण्यात टेबल आहे, असं आम्ही सांगू शकतो, अर्धा तास सांगू शकतो. पण ही दोन्ही क्रियापदं उलट रूपं घेत असती तर आम्ही उलट गोष्ट तितक्याच आत्मविश्वासाने सांगितली असती. जे स्पष्टीकरण दोन्ही बाजूंनी चालतं ते स्पष्टीकरण नव्हे. म्हणून पहिल्या दोन याद्यांच्या बाबतीत आम्ही शस्त्र खाली ठेवलं आहे. तिथे इतिहास आहे, वहिवाट आहे, थोडासा अर्थाचा वास आहे, आणि बाकी वाचनाने कानाला लागणारी सवय. ‘एन्जॉय’ इंग-रूपच घेतो आणि ‘लव्ह’ दोन्ही घेतो, यात गूढ शोधू नये.

तिसऱ्या यादीत मात्र बोलिंजर यांचं म्हणणं कसोटीला उतरतं, कारण तिथे क्रियापद तेच राहतं, बदलतं फक्त रूप. तिथे आलेला अर्थाचा फरक रूपानेच आणलेला असणार. कसोटी म्हणतात ती अशी हवी.

या वस्तू होण्यात आणखी एक पायरी आहे आणि मामांचं वाक्य खरं तिथे उलगडतं. झीनो व्हेंडलर नावाचे तत्त्वज्ञ, जन्माने हंगेरीचे, यांचं 1967 सालचं एक पुस्तक आहे, ‘लिंग्विस्टिक्स इन फिलॉसफी’. त्यात घटना आणि तथ्य यांवर एक प्रकरण आहे. ते म्हणतात, इंग-रूपं दोन तऱ्हेची. उदाहरण आम्ही आपलं घेतो. ‘हिज रीडिंग ऑफ द लेटर वॉज स्लो’, त्याचं पत्रवाचन संथ होतं. इथे ‘ऑफ’ आहे, रूप पुरतं नाम झालंय, आणि बोलणं घटनेबद्दल आहे. घटनाच संथ असते, अचानक असते, तासभर चालते. आता ‘हिज रीडिंग द लेटर सरप्राइझ्ड मी’, त्याने पत्र वाचल्याचं मला आश्चर्य वाटलं. इथे ‘ऑफ’ नाही, कर्म सरळ आलंय, आणि बोलणं तथ्याबद्दल आहे. हे दुसरं रूप घेऊन ‘वॉज स्लो’ म्हणून पाहा, जमत नाही. तथ्य संथ नसतं.

मराठीत हे ‘-ल्याचं’ काय करतं ते लक्षात आलं का? ते घटनेचं तथ्य करतं. ‘लावल्याचं विसरलो’ यात विसरली गेली ती एक माहिती. ‘लावायला विसरलो’ यात माहिती विसरलेली नाही, कृती राहून गेलेली आहे. ‘विसरणे’ हा एकच शब्द, पण एकीकडे तो ज्ञानाचा दोष आहे आणि दुसरीकडे कर्तव्याचा. नीतिशास्त्रात या दोहोंना एका मापाने मोजत नाहीत. मामा पहिल्या दोषाचे धनी होते, आणि तो दोष म्हणजे तरी काय, अहो, गॅस बंद केलाय की नाही हे बघायला जिन्यावरून परत न गेलेला माणूस इथे कोण आहे? आम्ही मात्र त्यांना दुसऱ्या दोषाचे धनी केलं.

यावर एक आक्षेप येतो, तोही घेऊ. आधुनिक व्याकरणकार म्हणतात, जेरंड नावाचं काही वेगळं नाहीच. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज व्याकरणात जेरंड आणि वर्तमान धातुसाधित यांना एकाच नावाखाली घातलंय, कारण रूप एकच दिसतं. रूपापुरतं ते ठीक आहे. पण व्हेंडलर यांनी दाखवलेला अर्थातला भेद नाव पुसल्याने पुसला जात नाही. याच मुलखात जुनं भांडणही आहे. ‘हिज कमिंग’ म्हणावं की ‘हिम कमिंग’, यावर फाउलर आणि येस्पर्सन 1925 ते 27 या काळात जाहीरपणे भांडले. फाउलर म्हणाले ‘हिम’ चुकीचं. येस्पर्सन यांनी चांगल्या लेखकांची उदाहरणं त्यांच्यापुढे ओतली. आम्हाला येस्पर्सन पटतात. एक इंग्रज आपली भाषा कशी असावी ते सांगत होता आणि एक डेन ती कशी आहे ते दाखवत होता.

काही बारकावे घाईने सांगून टाकतो. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’ यांत बहुधा फरक नसतो, पण ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ कुणी म्हणत नाही. दोन ‘इंग’ लागोपाठ कानाला खुपतात, म्हणून तिथे ‘टु रेन’. ‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ मध्ये शर्ट धुणारा नाही, धुतला जाणारा आहे, आणि आपण ‘शर्ट धुवायला हवा’ म्हणतो तेव्हाही शर्टाकडून धुण्याची अपेक्षा करत नाही. ‘अलाउ’चं गणित माणसावर आहे: माणूस सांगितला तर ‘अलाउ अस टु स्मोक’, नाही सांगितला तर ‘अलाउ स्मोकिंग’.

शेवटचा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो: आपल्याकडच्या पत्रांत ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असतं, ते चूक का? नियमाने चूक, कारण हे ‘टु’ ते टु-रूपातलं ‘टु’ नव्हे, साधं शब्दयोगी आहे, आणि त्याच्यामागे नामच हवं, ‘मीटिंग’. पण ही चूक अडाणीपणाची नाही. आपण मनात ‘भेटायला उत्सुक आहे’ म्हणतो, त्या ‘भेटायला’चा टु-रूपाशी सांधा बरोबर जुळतो, आणि शिवाय इंग्रजीचंच ‘टु’ दिसायला सारखं. ‘ही सजेस्टेड मी टु गो’ तसंच, ‘मला जायला सुचवलं’. या चुकांनी अर्थ बिघडत नाही. वाचणाऱ्याला तुम्हाला भेटायचंच आहे हे कळतं. आम्ही पेपर तपासत होतो तेव्हा यांच्याखाली लाल रेघ ओढत होतो आणि एकेक गुण कापत होतो. ‘फर्गॉट’, ‘रिमेंबर्ड’, ‘ट्राइड’ यांच्या जागी मात्र, वाक्य व्याकरणात बसतंय ना, म्हणून पूर्ण गुण देत होतो. मूळ मराठी उतारा शेजारी ठेवून अर्थ तोच राहिलाय का, हे आम्ही कधी ताडून पाहिलं नाही. मामांच्या जबाबाचा आमचा तर्जुमा त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुणांनी पास झाला असता.

बरं, वेळ झाली. प्रश्न असतील ते घेऊ.